ओटीवरची विचारपूस



सणांची हिब्रू नावे आपल्या पूर्वजांच्या स्मरणातून गेली होती त्या काळी कोकणातल्या गावोगावी त्यांनी सणांना मराठी नावे दिली होती. नव्याचा सण, खिरीचा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा सण. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या बेने इस्राएलांच्या इतिहासात ही नावे नोंदवून ठेवली आहेत. त्यांत योम किप्पूरचे नाव आहे दारफाळणीचा सण, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. त्या दिवशी आपले लोक पांढरी वस्त्रे नेसून उपवास करीत, दारे बंद करून घरात राहत आणि बाहेरच्या कोणाशी संपर्क ठेवीत नसत. दुसऱ्या दिवशी यायचा शिळा सण. त्या दिवशी दारे उघडत, दानधर्म होई, आप्तस्नेह्यांकडे जाणेयेणे होई.

दारे बंद असत, पण आत सारे घर एकत्र असे. मुंबईतले आपले पहिले सिनगॉग सामुएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधले. त्यापूर्वीच्या कित्येक पिढ्या, रेवदंडा, पेण, अलिबागच्या परिसरात गावात एखाददुसरे शनवार तेल्याचे घर, अशा स्थितीत आपण धर्म टिकवला तो घराच्या चार भिंतींत. तेव्हा घरात बसून सण पाळणे ही आपल्याला नवी गोष्ट नव्हे. आज मी ज्या प्रसंगाविषयी बोलणार आहे तो याहून वेगळा आहे. सण आलेला आहे, दार बंद आहे, आणि आत एकच माणूस आहे, तोही अंथरुणाला खिळलेला. अशा माणसाचे सणाशी नाते काय उरते, आणि त्याच्या संदर्भात इतरांवर कोणते कर्तव्य येऊन पडते?

हा प्रश्न सर्वकाळचा आहे. परंतु तो अगदी स्वच्छ स्वरूपात, तारखेसह आणि सरकारी नियमासह, मांडला गेला तो सिंगापुरात, म्हणून मी ते शहर निवडले. तेथील ज्यू समाज संख्येने लहान, पण जुना आहे. वॉटर्लू स्ट्रीटवरचे मागेन आबोथ सिनगॉग १८७८ मधले आणि ऑक्सले राइजवरचे, मनासे मायर यांनी बांधलेले हेसेद-एल १९०५ मधले. ते बगदादी परंपरेचे लोक. बगदादी ज्यूंशी मुंबईकर बेने इस्राएलांचे संबंध कसे होते हे येथे जमलेल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको.

२०२० सालचा पेसाह आठवून पाहा. भारतात टाळेबंदीचा पहिला दिवस २५ मार्च, म्हणजे गुढीपाडवा. सिंगापुरात २६ मार्चच्या मध्यरात्रीपासून सर्व धर्मांच्या सामुदायिक प्रार्थना स्थगित झाल्या आणि ७ एप्रिलपासून ज्याला तेथे सर्किट ब्रेकर म्हटले गेले ते निर्बंध लागू झाले. त्याच दिवशी संसदेने केलेल्या कायद्याने, एका घरात न राहणाऱ्यांनी एकत्र जमण्यास मनाई केली. पहिली सेदेरची रात्र होती ८ एप्रिलची. म्हणजे कायद्याची शाई वाळायच्या आत पेसाह आला. पुढे गुड फ्रायडे, तमिळ नववर्ष, वेसाक, रमजान ईद, सगळ्यांचेच सण त्या बंद दारांआड झाले.

त्या वर्षाचे एक वैशिष्ट्य मात्र विसरले जाते. २०२० मध्ये सिंगापुरात घरी एकटा होता तो निरोगी माणूस. ज्याला संसर्ग झाल्याचे निष्पन्न होई त्याला घरी राहूच देत नसत. सौम्य लक्षणे असली तरी इस्पितळात, नाहीतर सिंगापूर एक्स्पोच्या प्रदर्शन-दालनांत उभारलेल्या विलगीकरण केंद्रात नेत. येथे क्षणभर विषय सोडून एक गोष्ट बोलतो. घरी एकटे असणे हेही त्या वर्षी भाग्याचे होते. त्या एप्रिलमध्ये सिंगापुरातील बहुसंख्य रुग्ण स्थलांतरित कामगारांच्या वसतिगृहांतले होते. त्यांत भारतीय आणि बांगलादेशी कामगार मोठ्या संख्येने होते, आणि ते एकेका खोलीत अनेक जण मिळून कोंडले गेले होते. हग्गादाच्या आरंभी आपण भुकेल्यांना आणि गरजवंतांना जेवायला या म्हणून बोलावतो. त्या वर्षी ते बोलावणे बंद दाराआड उच्चारले गेले, आणि ते कोणाच्या कानी जायला हवे होते हे सगळ्यांना माहीत होते.

दीड वर्षाने चित्र उलटले. ऑगस्ट २०२१ अखेर सिंगापुरातील ८० टक्के लोकांचे लसीकरण पूर्ण झाले होते. सरकारने ठरवले की लस घेतलेल्या, सौम्य आजाराच्या रुग्णांनी आता घरीच बरे व्हावे. ऑगस्टच्या अखेरीस प्रयोग झाला आणि सप्टेंबरच्या मध्यास अशा रुग्णांसाठी ही होम रिकव्हरी नेहमीची पद्धत ठरली. रुग्णाने एका स्वतंत्र खोलीत राहायचे, घरच्यांनीही आत जायचे नाही, वैद्यकीय सल्ला दूरध्वनीवर. बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे छोटे यंत्र त्याच जुलैपासून एका प्रतिष्ठानने घरोघरी एकेक वाटले होते. १८ सप्टेंबरला एका दिवसातील नवे रुग्ण हजाराच्या वर गेले, मदतीचे फोन लागेनात, अखेर आरोग्य मंत्रालयाला सैन्यदलाचे मनुष्यबळ घ्यावे लागले.

आता आपले पंचांग त्याच्याशेजारी ठेवा. रोश हाशाना ७ सप्टेंबरला. योम किप्पूर १५ सप्टेंबरच्या सूर्यास्तापासून. सुक्कोथ २० तारखेच्या संध्याकाळी सुरू. २७ सप्टेंबरला, होशाना राब्बाच्या दिवशी, सरकारने गाठीभेटींची मर्यादा पाच माणसांवरून दोनवर आणली, आणि सिम्हाथ तोरा २९ ला. तिश्री महिन्याचे सारे पर्व आणि घरी एकट्याने आजारी असण्याचा नवा नियम, दोन्ही एकाच महिन्यात आले.

अशा माणसाला धर्मशास्त्र काय सांगते? पहिली गोष्ट ही की शास्त्र त्याला अपुरा ज्यू मानत नाही. सुक्काविषयीची मिश्ना आजाऱ्याला सुक्कातून पूर्ण मोकळीक देते, आणि त्याच वाक्यात त्याची शुश्रूषा करणाऱ्यांनाही देते. आजार मोठाच असला पाहिजे असेही नाही. डोळे दुखत असले किंवा डोके दुखत असले तरी पुरे, असा दाखला तालमूदात आहे. ज्याने आजाऱ्याच्या उशाशी बसायचे त्याने सणातली आपली जागा गमावली असे शास्त्र समजत नाही.

योम किप्पूरच्या बाबतीत तर शास्त्र अधिक स्पष्ट आहे. मिश्ना म्हणते की आजाऱ्याला जाणकारांच्या सल्ल्याने खाऊ घालावे, आणि जाणकार जवळ नसतील तर त्याच्या स्वतःच्या शब्दावर, तो पुरे म्हणेपर्यंत. त्यावर तालमूदातली चर्चा आणखी पुढे जाते. वैद्य म्हणतो गरज नाही आणि आजारी म्हणतो गरज आहे, तर कोणाचे ऐकावे? आजाऱ्याचे, कारण स्वतःच्या जिवाचे दुखणे त्यालाच कळते. खोलीत एकट्याने पडलेल्या माणसासाठी यापेक्षा मोठा आधार कोणता? तेथे ना वैद्य, ना हज्जान. निर्णय त्याचाच, आणि शास्त्र तो निर्णय आधीच मान्य करून बसले आहे. ज्याला थोडे घेऊन भागेल त्याच्यासाठी प्रचलित मार्गदर्शन असे की पाणी सुमारे ३० मिलिलिटर, नऊ-नऊ मिनिटांच्या अंतराने घ्यावे. पण त्याने भागत नसेल तर भागेल तेवढे घ्यावे. याविषयी आपल्या डॉक्टरांना आणि रब्बींना सणाच्या आधीच विचारून ठेवावे, उपवास सुरू झाल्यावर नव्हे.

हे केवळ ग्रंथातले बोलणे नाही. १८४८ च्या कॉलऱ्यात व्हिल्ना शहरात रब्बी इस्राएल सालांतेर यांनी योम किप्पूरला लोकांना खाण्याची मुभा देणाऱ्या सूचना लावल्या. त्यांनी व्यासपीठावर उभे राहून सर्वांदेखत स्वतः खाल्ले अशीही कथा वेगवेगळ्या रूपांत सांगतात. मला कथेपेक्षा सूचना मोलाची वाटते. व्यासपीठावरचे खाणे सिनगॉगात आलेल्यांना दिसले असते, भिंतीवरचा कागद घरी पडलेल्यापर्यंतही पोहोचला असणार. त्याआधी १८३१ मध्ये पोझन येथे रब्बी अकीवा एगर यांनी एका वेळी सुमारे १५ जणांनीच प्रार्थनेस जमावे असे ठरवून दिले आणि गर्दी आवरायला पोलिसांची मदत घ्यायला सांगितले. सिनगॉग बंद केल्याने धर्म बुडाला असे २०२० मध्ये जे म्हणत होते, त्यांनी एगरांची पत्रे वाचायला हवी होती.

आपल्या मुंबईचा अनुभव उलट दिशेचा आहे, म्हणून तोही सांगितला पाहिजे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघडकीस आला. पुढल्या वर्षी साथरोगांचा कायदा झाला आणि तपासणी पथके घरोघर शिरून आजाऱ्यांना उचलून नेऊ लागली. आपल्याच धर्माचे वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला लस टोचून घेतली ती याच शहरात. पण लोकांना भीती वाटे ती रोगाइतकीच त्या पथकांची. आजाऱ्याला घरीच राहू देणे हा तेव्हा गुन्हा होता आणि घरचे लोक त्याला माळ्यावर, मागच्या खोलीत लपवीत. ते दिवस ऐकलेल्या माणसाला २०२१ चे सिंगापूर विलक्षणच वाटेल. तेथे सरकारनेच आजाऱ्याला घरी राहा म्हटले आणि आतून कडी लावून घ्यायला सांगितले.

आता शोफार. माणूस खोलीत एकटा आहे आणि रोश हाशाना आहे. फोनवर शोफार ऐकला तर? येथे मिश्नाने जणू दोन हजार वर्षे आधीच विचार करून ठेवला आहे. विहिरीत किंवा रांजणात तोंड घालून शोफार वाजवला, तर ऐकणाऱ्याच्या कानी शोफारचा आवाज आला की त्याचा प्रतिध्वनी, हे पाहायचे. प्रतिध्वनीने कर्तव्य पार पडत नाही. बहुतेक शास्त्रज्ञांनी याच तत्त्वावर दूरध्वनीचा आवाज अमान्य ठरवला. पण त्याच मिश्नात दुसरे वाक्य आहे. सिनगॉगाच्या मागून कोणी जात असेल, किंवा एखाद्याचे घर सिनगॉगाला लागून असेल, आणि त्याने शोफार ऐकून त्याकडे मन लावले, तर त्याचे कर्तव्य झाले. म्हणजे अंतर चालते, भिंत चालते, खिडकी चालते; आवाज मात्र खरा हवा. इमारतीच्या खाली उभे राहून वाजवलेला शोफार वरच्या मजल्यावरच्या रुग्णासाठी पुरतो. फोनवरचा पुरत नाही. ऐकणाऱ्याला हा फरक निष्ठुर वाटेल. मला तो दयेचा वाटतो, कारण तो कोणाला तरी जिना उतरून रस्त्यावर यायला भाग पाडतो.

पेसाहच्या वेळी अशीच चर्चा झाली होती. २०२० मध्ये इस्राएलमधील काही सेफार्दी रब्बींनी, एकट्या पडलेल्या वृद्धांसाठी सेदेरच्या रात्री झूमवर कुटुंबाशी जोडून घेण्यास परवानगी दिली आणि मुख्य रब्बीनेटने तिला विरोध केला. कोण बरोबर हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण दोन्ही पक्षांच्या आधी तालमूदाने एकट्याची सोय केलेली आहे हे विसरू नये. चार प्रश्न मुलाने विचारावेत. मूल नसेल तर पत्नीने. तीही नसेल तर माणसाने स्वतःच स्वतःला विचारावेत. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात आपल्या लोकांनी मराठी अर्थासह हग्गादा छापली, तिचे मोल अशा वेळी कळते. समजणाऱ्या भाषेत पुस्तक हाती असले की एकटा माणूसही प्रश्न विचारून उत्तर देऊ शकतो. आणि हे केवळ रोगाच्या काळातले नाही. सिंगापूर १९४२ च्या फेब्रुवारीत जपान्यांच्या हाती पडले. एप्रिल १९४३ मध्ये तेथील अनेक ज्यू पुरुषांना चांगीच्या तुरुंगात डांबले गेले, आणि त्या वर्षी पेसाहची पहिली रात्र १९ एप्रिलची होती. त्या रात्री त्या घरांतून प्रश्न कोणी विचारले असतील याचा विचार आपणच करावा.

मग ज्याचा सणच बुडाला त्याचे काय? गणनेच्या पुस्तकात, नवव्या अध्यायात, प्रेताच्या स्पर्शाने अशुद्ध झालेली काही माणसे मोशेपुढे येऊन तक्रार करतात की आम्हीच का वगळले जावे. मोशे त्यांना झिडकारत नाही, थांबा म्हणतो, आणि त्यांच्यासाठी नवी आज्ञा मिळते. एक महिन्याने, इय्यारच्या १४ तारखेला, दुसरा पेसाह. पुढे मिश्नाने त्यात नाइलाजाने राहून गेलेल्यांनाही घेतले. तोरातल्या फार थोड्या आज्ञा अशा वगळलेल्यांच्या तक्रारीतून जन्मल्या आहेत. हिज्कीया राजानेही एका वर्षी पेसाह दुसऱ्या महिन्यात केला. हाच राजा मरणासन्न आजारात भिंतीकडे तोंड करून रडला होता. त्याला भेटायला आलेल्या यशयाने आधी काय सांगितले, तर घराची निरवानिरव कर! आजाऱ्याकडे जाऊन पहिले वाक्य काय बोलू नये याचा धडा संदेष्ट्याकडूनही मिळतो. २०२० मध्ये पेसाह शेनी ८ मे रोजी आला. सिंगापूर तेव्हाही बंदच होते, पण त्या दिवशी मात्साचा तुकडा खायला दहा माणसे लागत नाहीत.

येथवर आजाऱ्याचे झाले. खरा कठीण भाग निरोग्यांचा आहे. आजाऱ्याची विचारपूस, बिक्कूर होलीम, ही आपल्याकडे शिष्टाचाराची बाब नसून कर्तव्य आहे. तोराच्या वायेरा पाठाच्या आरंभी अब्राहाम तंबूच्या दाराशी बसलेला आहे आणि परमेश्वर त्याला दर्शन देतो. सुंतेनंतर आजारी असलेल्या अब्राहामाची ती विचारपूस होती असे तालमूद सांगते. भेटीस येणारा दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो, असेही तेथे म्हटले आहे. रब्बी अकीवाचा एक शिष्य आजारी पडला आणि कोणी विद्वान त्याच्याकडे फिरकला नाही. अकीवा गेले. ते आले म्हणून खोली झाडली गेली, सडा घातला गेला, आणि तो शिष्य म्हणाला की तुम्ही मला जगवलेत. लक्षात घ्या, येथे प्रवचन नाही, उपदेश नाही. केरसुणी आहे.

पण २०२१ च्या सिंगापुरात खोलीत शिरायलाच बंदी. मग कर्तव्य संपले काय? शुल्हान आरुखात याचे उत्तर आहे, आणि ते वाचताना मला कोकणातले घर डोळ्यांसमोर आले. पोटाचे, डोळ्यांचे, डोक्याचे दुखणे असलेल्याला, आणि ज्याला बोलणेही जड जाते अशा कोणालाही, समोर जाऊन भेटू नये. बाहेरच्या खोलीत जावे, काय हवे-नको ते विचारावे, त्याचे दुःख ऐकावे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी. बाहेरची खोली म्हणजे आपली ओटी. माजघरात आजारी माणूस, ओटीवर शेजारी, आणि मधल्या दारातून विचारलेला प्रश्न: पेज आणून देऊ का, औषध आणायचे आहे का, गुरे कोणी सोडली? ही भेट दुय्यम नव्हे. शास्त्राने तिला भेटच म्हटले आहे.

फोनचे काय? रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी विसाव्या शतकात याचा निर्वाळा दिला. प्रत्यक्ष जाणे शक्य असता फोन करून मोकळे होऊ नये, पण जाणे अशक्य असेल तर फोनने कर्तव्याचा काही भाग तरी पार पडतो. कारण उघड आहे. फोनवर बोलता येते. खोलीत काय कमी आहे ते फोनवरून दिसत नाही, आणि फोन झाडू मारत नाही. म्हणून त्या सप्टेंबरात माझ्या मते खरी भेट होती ती दाराच्या कडीला अडकवलेल्या डब्याची, आणि तो डबा काढून घेतला गेला की नाही हे पाहायला संध्याकाळी पुन्हा आलेल्या पावलांची. डबा तसाच लटकत असेल तर आत काहीतरी बिघडले आहे. सूचना फलकावर नावांची यादी लावून हे होत नाही. सणाच्या दिवशी मिन्यान मोजताना दहा झाले की आपण थांबतो. अकरावा का आला नाही हे कोणीतरी विचारावे लागते, आणि आपल्या सिनगॉगात ते काम ठरवून कोणाकडे दिलेले नाही, हे विश्वस्तांपुढेच बोलतो आहे. रोश हाशानाच्या आधी दोन माणसे नेमावीत, एवढी माझी विनंती आहे. एकट्या राहणाऱ्यांची घरे त्यांना ठाऊक असावीत, आणि शोफार वाजवणारा दुपारी त्या घरांखाली जावा.

बरा झालेला माणूस मग काय करतो? आपल्या परंपरेत चौघांनी उपकारस्तुतीची बेराखा म्हणावयाची असते: समुद्र पार केलेल्याने, वाळवंट पार केलेल्याने, आजारातून उठलेल्याने आणि कोंडीतून सुटलेल्याने. त्या सप्टेंबरातला रुग्ण एकदम दोघांत मोडत होता. ही बेराखा मात्र एकट्याला म्हणता येत नाही. तिला दहा माणसे लागतात. आणि आपल्याकडे त्यापुढे एलियाहू हानाबीच्या नावे मलिदा. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, फळे. ताट भरले की शेजारच्या दारावर टकटक करून सगळ्यांना आत बोलावतात.